बाबा, ३३९५२२९१ला भाग जातो का?

प्रिय बाबा,

येत्या रविवारी डिलाईल रोडच्या अभ्यासिकेत तुमच्या नावाचा बोर्ड लागतोय, आणि त्याच्यावर जे लिहिणार आहेत ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, एवढ्या वर्षात एक ओळ लिहिली नाही तुम्हाला, आणि आता भीती वाटली तेव्हा आठवण झाली. असंच म्हणाल ना?

काल दत्ताकाकांचा फोन आला. "नलू, पेंटर शुक्रवारी रंगवता. मजकूर ठरलो हां!" आवाज किती खूश! चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज इतका खूश मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी मजकूर वाचून दाखवला. वर तुमचं नाव. खाली 'येथे वीस वर्षे मुलांना विनामूल्य गणित शिकवले.' आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात, '३३९५२२९१. ही मूळ संख्या आहे. हिला कोणी भागू शकत नाही.'

माझ्या हातातून चहाचा कप पडता पडता राहिला. "छान आहे काका," म्हटलं आणि फोन ठेवला. 

तुम्हाला आठवतं ना तो नंबर कुठून आला? कसलं विचारते मी! मरेपर्यंत तुम्हाला दुसरं काही आठवलं नाही तरी तो नंबर आठवत होता. गिरणीला टाळं लागलं, पण साचेखात्यात मागावर काम करताना लावायचे तुम्हा दोघांचे नंबरी बिल्ले खिशातच राहिले. तुमचा ३३९५, काकांचा २२९१. एका संध्याकाळी तुम्ही दोघं गॅलरीत बसला होता, करायला काही नाही, बोलायलाही काही उरलं नव्हतं. तुम्ही दोन्ही बिल्ले लादीवर शेजारी शेजारी ठेवलेत आणि म्हणालात, "दत्ता, तीन कोटी एकोणचाळीस लाख बावन्न हजार दोनशे एक्क्याण्णव. बघूया कशाने भाग जातो."

शेवटी एक, म्हणजे दोनाने नाही, पाचाने नाही. अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तिनाने नाही. साताने भागलंत, दोन उरले. एकाआड एक अंकांच्या बेरजा केल्यात, तेवीस आणि अकरा, फरक बारा, म्हणजे अकरानेही नाही. तेरा, सतरा, एकोणीस... दिवेलागणीपर्यंत तुम्ही पन्नासपर्यंत पोचलात आणि ओरडलात, "आयला, ही कुणालाच दाद देत नाही!" तेव्हा काका म्हणाले होते, "आमका मालकान फोडल्यान. ह्या नंबराक कोण फोडता ता बघया."

आणि लागलात की दोघं कामाला! मला समोर बसवून समजावलंत. एखाद्या संख्येला भाग गेला तर भाजक आणि भागाकार अशी जोडी मिळते, आणि त्या जोडीतला एक तरी वर्गमुळाहून लहान असतोच. या नंबराचं वर्गमूळ पाच हजार आठशे सव्वीसच्या जरासं पुढे. म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकानेही पूर्ण भाग गेला नाही, की आपला नंबर मूळ. साडेसातशेच्या वर भागाकार! तेही हाताने. कुणीतरी कॅल्क्युलेटर आणून देतो म्हणाला तर तुम्ही केवढे भडकलात. "यंत्रांनी कमी घरी बसवलंय का आम्हाला? आता त्यांनाच विचारू?"

बाबा, आता एक सांगू? तेव्हा मला तुमचा राग यायचा. भयंकर राग.

आईची खानावळ बसली होती. जेवायला येणारे गिरणीतले पुरुष गावाला निघून गेले, आणि आई पापड लाटायला लागली. पहाटे उठायची, खांदे दुखायचे, रडायची ती स्टोव्हच्या आड, आम्हाला दिसू नये म्हणून. आणि तुम्ही वहीत भागाकार करायचात! एकदा ती म्हणालीसुद्धा, "आज भागाकारच शिजवते. तेच वाढते पोरीला." तुम्ही हसलात. का हसलात हो? ती विनोद करत नव्हती.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला पान दिलंत. मी आठवीत होते. "नलू, तू आता मोठी झालीस. हे पान तुझं." एकवीसशे अकरापासून बावीसशे सत्त्याण्णवपर्यंत पंचवीस मूळ संख्या तुमच्या सुरेख अक्षरात, आणि प्रत्येकीसमोर शेष लिहायला जागा. तुमच्या चेहऱ्यावर असा भाव की मला काहीतरी मोठं बक्षीस दिलंय. आत आई रडत होती, आणि मला मात्र बक्षीस.

अकरा भागाकार मी केले. मनापासून केले. बाराव्याला आले तेव्हा आईने हाक मारली, पापड उचलायला ये. पापड उचलून परत आले, आणि मला काय झालं कोण जाणे, पुढच्या चौदा संख्यांसमोर मी मनाला येतील ते शेष लिहून टाकले. मनाला येतील ते म्हणजे काय, वर्गातल्या मुलींचे हजेरी नंबर. पाच मिनिटांत पान संपलं. तुमच्या हातात देताना वाटलं, आता पकडतील. बघाच तुम्ही, पकडा!

तुम्ही पकडलं नाहीत.

काकांची सगळी पानं तुम्ही नवाच्या कसोटीने, अंकांच्या बेरजा जुळवून तपासलीत, त्यांनी तुमची तपासली. प्रत्येक भागाकारापुढे लाल टिक. ती सगळी पानं तुमच्या पेटीत सापडली मला, दोऱ्याने बांधलेली. माझ्या पानावर एकही टिक नाही. खाली तुमच्या अक्षरात एवढंच आहे, 'नलूचे पान. बघायची गरज नाही.'

अहो, का नव्हती गरज? काकांवर विश्वास नव्हता आणि आठवीतल्या पोरीवर होता? एक भागाकार तपासला असतात तर तिथल्या तिथे कळलं असतं. दोन धपाटे घातले असतेत, मी पान परत केलं असतं, आणि संपलं असतं. तुमच्या त्या विश्वासाचं ओझं मी चाळीस वर्षं वागवतेय.

पुढे मी नर्स झाले. वॉर्डात औषध देताना तीन तीन वेळा लेबल वाचायचे. नवीन मुली हसायच्या, सिस्टर फारच काटेकोर! मी काटेकोर नव्हते हो. मला माहीत होतं, न तपासता लिहिणारी माणसं असतात. मी त्यातलीच एक.

आणि शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "नंबर सांग." मी सांगितला, एकेक अंक सावकाश. तुम्ही डोळे मिटूनच हसलात. "बघ, अजून अखंड आहे." तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं मी. पण तुम्ही इतके शांत दिसत होतात की मी पांघरूण सारखं केलं आणि गप्प बसले. हे बरं केलं की वाईट?

आता बोर्ड. तुम्ही तो नंबर कुठल्या विद्यार्थ्याला कधी सांगितला नाहीत, तो तुमच्या दोघांतच राहिला, म्हणून आजवर निभावलं. पण अभ्यासिकेत चाळीस मुलं बसतात, बाबा, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. एकाने जरी नंबर टाकून बघितला आणि भाग गेला, तर? तुमच्या नावाखाली खोटं गणित! मुलं फोटो काढतील, हसतील. हसू तुमचं होईल, आणि कारण मी. आणि काकांना कळलं तर? त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. त्यांना हा धक्का कोण देणार?

कदाचित सगळं ठीकही असेल. चौदा संख्याच तर राहिल्यात. मोबाइलवर एका सेकंदात कळेल. सकाळपासून दोनदा आकडे टाकले आणि दोनदा पुसले. बोटच पुढे जात नाही.

हाताने करते. जे पान तेव्हा करायचं होतं ते आज करते. मग पुढे लिहिते.

*

बुधवार, दुपार.

बाबा, अक्षर वाईट आलं तर समजून घ्या.

जेवण उरकून बसले. बारावी संख्या २२०७. भागलं, शेष २०१०. बरं वाटलं. २२१३, शेष ४४५. २२२१, शेष २०८५. २२३७, शेष १३४२. प्रत्येक वेळी शेवटचा अंक भीतभीत खाली उतरवायचा, आणि शेष आला की हुश्श! २२३९ला नुसते ९५ उरले. वाटलं, वाचलो. थोडक्यात का होईना, वाचलो. उठून पाणी प्यायले.

मग २२४३. यापुढे मी तेव्हा २७ लिहिलं होतं. माझा स्वतःचा हजेरी नंबर. ३३९५मधून एकदा गेला, उरले ११५२. दोन खाली, ११५२२. पाचदा, उरले ३०७. दोन खाली, ३०७२. एकदा, उरले ८२९. नऊ खाली, ८२९९. तीनदा, उरले १५७०. शेवटचा एक खाली. १५७०१.

२२४३ला सातने गुणलं. साती त्रिक एकवीस, हातचे दोन. सात चोक अठ्ठावीस आणि दोन तीस. सात दुणे चौदा आणि तीन सतरा. सात दुणे चौदा आणि एक पंधरा.

१५७०१.

शून्य, बाबा. शेष शून्य.

तीन वेळा केलं. नवाची कसोटी लावली. उलटा गुणाकार केला, २२४३ गुणिले १५१३७, आला बरोब्बर तुमचा नंबर. मग मोबाइलवर टाकला, आता काय घाबरायचं राहिलं होतं? तिथेही तेच. तुमचा नंबर मूळ नाही. कधीच नव्हता. बिल्ले लादीवर ठेवलेत त्या संध्याकाळीही नव्हता. आणि हे तुम्हाला त्याच वर्षी कळलं असतं, माझ्या पानावर, माझ्या हातून.

तुम्ही अखंड म्हणत गेलात हो! मी जाऊ दिलं तुम्हाला तसं. माफ करा, माफ करा, माफ करा. दुसरं काय लिहू?

एकदा वाटलं, काकांना म्हणावं, नंबर नको बोर्डावर, मुलांना काय कळतं त्यातलं, नुसतं नाव पुरे. सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. पण काकांनी विचारलं असतं, का गो? आणि मी पुन्हा काहीतरी मनाला येईल ते सांगितलं असतं.

उद्या सकाळी काकांकडे जाते. सगळी पानं घेऊन.

*

गुरुवार.

जाऊन आले. सगळं सांगते, घाई करत नाही.

काका खाटेवर बसून कपबशी घेऊन चहा पीत होते. मी आधी विचारलं, गोळी घेतली का? म्हणाले, "घेतलंय. नर्सपणा नको." मग मी पान काढलं, शेजारी माझा भागाकार ठेवला आणि उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. आईचं रडणं, पापड, हजेरी नंबर, सगळं. 

काकांनी भिंग घेतलं. ओळ न् ओळ वाचली. बोटांवर अंकांच्या बेरजा केल्या, नवाची कसोटी लावून बघितली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी त्यांच्या छातीकडेच बघत होते, श्वास नीट चाललाय का. शेवटी मान वर न करता म्हणाले, "तू जरा भायर जा."

बाहेर नळापाशी उभी राहिले. मला वाटलं, गेलं. तुमच्यामागे तुमच्यातलं एवढं एकच माणूस उरलंय माझ्यासाठी, तेही गेलं. शेजारची बाई विचारत होती, काकांना बरं नाही का?  आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि मी धावतच आत जाणार, तोच हाक आली.

"नलू! ह्या पंधरा हजार एकशे सदतीसाचा काय?"

"काय म्हणजे?"

"ह्येका भाग जाता काय नाय? बघितलंस?"

मला रडू की हसू कळेना. म्हटलं, "काका, मी तुमच्या नंबराचं वाटोळं केलं, आणि तुम्ही भागाकाराचं काय विचारता?"

"वाटोळा झाला ता झाला. पुढचा बोल. ह्येचा वर्गमूळ किती? एकशे तेवीसच्या पुढे थोडा. म्हंजे एकशे तेरापर्यंतच्या मूळ संख्या बघूक व्हयात, पुढची तर एकशे सत्तावीस. तीस. काढ तुझ्या बापाशीचा पयला पान."

गठ्ठ्यातलं पहिलं पान काढलं. दोनपासून एकशे तेरापर्यंत तीस मूळ संख्या, तुमच्या हाताने केलेले तीस भागाकार, आणि प्रत्येकापुढे काकांची लाल टिक. मी पेन घेऊन १५१३७ला भागायला बसले, तर काकांनी माझ्या हातावर फटका मारला.

"कित्याक भागतंस? डोक्या लाव! समज सदतीसान पंधरा हजारवाल्याक भाग गेलो. मग तो मोठ्या नंबराक गेलो असतो की नाय? मोठो नंबर म्हंजे ह्येचीच पट ना? पण मोठ्याक नाय गेलो. हयसर लिवलेला आसा. सदतीसान नाय, त्रेचाळीसान नाय, एकशे तेरान नाय. तिसांतल्या एकानव नाय. म्हंजे ह्येकापण नाय!"

बाबा, तुमच्या लक्षात आलं? मला दोन मिनिटं लागली. १५१३७ ही मूळ संख्या आहे, आणि ती मूळ आहे हे तुम्ही त्या पहिल्या पानावर सिद्ध करून ठेवलं होतं! तुम्हाला माहीत नव्हतं, काकांना माहीत नव्हतं, ती संख्याच कुणाला माहीत नव्हती. पण काम झालेलं होतं. तुमच्या तीस भागाकारांतला एकही फुकट गेला नाही. एकही चूक नाही त्यात, मी आज तीसही पुन्हा करून बघितले.

काकांनी त्या पानावरून बोट फिरवलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "गाढव तो. मेलो आणि ह्या बघूक नाय मिळाला तेका."

मी विचारलं, "काका, मला माफ केलंत ना?"

त्यांनी सरळ सांगितलं, "नाय. तू खोटा लिवलंस. चाळीस वर्सां आमका फसवलंस. गणित सुटला म्हणान खोटा खरा होत नाय. आणि माफी माझ्याकडे मागू नको, तुझो बापूस तुझ्यावर इस्वास ठेवन बसललो, तेच्याकडे माग." मग मी बाहेर असताना करून ठेवलेला कप पुढे सरकवला, "चाय घे. थंड झाली."

थंड चहा प्यायले. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही, कारण काकांनी चुकून त्यात दोनदा साखर घातली होती. 

पेंटरला फोन मीच केला. नवा मजकूर काकांनी सांगितला, '३३९५२२९१ = २२४३ × १५१३७. दोन्ही मूळ.' पेंटर वैतागला, बाई, आधीचं सोपं होतं. मी म्हटलं, सोपं होतं पण खरं नव्हतं, तुम्ही एकेक अंक मला फोनवर वाचून दाखवा. त्याने तीनदा वाचून दाखवला.

तरी भीती गेली नाही, बाबा. खरं सांगते. काकांचा पेसमेकर ठीक आहे, बोर्ड ठीक आहे, गणित ठीक आहे, आणि मला अजून झोप लागत नाही. कारण तुम्ही काय म्हणाला असतात, हे कळायची सोय नाही. काका रागावले, ते बरं वाटलं. तुम्ही रागावला असतात तर किती बरं वाटलं असतं! की तुम्हीही आधी भागाकार किती आला तेच विचारलं असतंत? मला वाटतं, तेच विचारलं असतंत. पण तेही मी माझ्या सोयीने धरून चाललेय. माझ्या सोयीने लिहायची सवय जुनी आहे ना.

मी चुकले, बाबा. आईच्या रडण्याचा राग तुमच्या कागदावर काढला. रागाला जागा होती, खोटेपणाला नव्हती. तुम्ही जिवंत असताना हे बोलायला हवं होतं. मला माफ करा.

एक वचन देते. रविवारी काका पडदा ओढतील, मुलं टाळ्या वाजवतील, आणि त्यातला एखादा चुणचुणीत पोरगा किंवा पोरगी विचारणारच, की चाळीस वर्षांपूर्वी एवढे भागाकार केले तर हा एकच कसा सुटला? काका माझ्याकडे बघणार नाहीत, मला माहीत आहे, ते छताकडे बघतील. तेव्हा मी उठेन आणि सगळ्यांसमोर सांगेन, तो भागाकार माझ्या वाटणीचा होता, मी तो केला नाही आणि केला असं लिहिलं.  आणि कुणी विचारलंच नाही, तरीही सांगेन.

तुमची,
नलू